अंड्याचं घड्याळ

"त्याला साधं अंडं उकडता येत नाही," असं कुणाबद्दल कुणी बोललं, की मी आधी बोलणाऱ्याकडे बघून घेते. त्यानं आयुष्यात कधी अंडं उकडलेलं नाही, हे मला तोंडावरूनच कळतं. कडक करायचं असेल तर अंडं सोपं आहे. भांड्यात सोडा, विसरून जा, आठवण झाली की काढा. पण पांढरं नीट धरलेलं आणि आतलं पिवळं काकवीसारखं हलणारं, असं मऊ अंडं रोज सकाळी, गिऱ्हाईक समोर हात चोळत उभं असताना, करून दाखवा. मग साधं काय आणि अवघड काय ते आपण बोलू.

निपाणीत मैदानाच्या फाटकाजवळ माझी सकाळची अंड्याची गाडी होती. लोक मला आक्का म्हणायचे. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांची मी आक्का. आता गाडी विकून मी बेळगावला मुलीकडे राहते. मुलगी सुजाता कॉलेजात शिकवते. तिच्या स्वयंपाकघरातली शेगडी बटणावर चालते आणि वेळ झाली की पीं पीं करून ओरडते. "आई, आता तुला लक्ष ठेवायला नको," असं सुजाता कौतुकानं म्हणते. जिनं जन्मभर फक्त लक्षच ठेवलं, तिला हे सांगून काय उपयोग? मी त्या शेगडीवर दूध तेवढं तापवते, आणि ते उतू जातं.

गाडीला पाटी नव्हती. सुरुवातीला लावायची ठरवली, तर गिऱ्हाइकांत तट पडले. एक म्हणाला मराठीत लिहा, दुसरा म्हणाला आधी कन्नडमध्ये लिहा, तिसरा म्हणाला इंग्रजीत लिहून टाका, म्हणजे दोघंही गप बसतील. अंडी गार झाली तरी चर्चा संपेना. शेवटी मी पेंटरला सांगितलं, "अण्णा, एक मोठ्ठं अंडं काढा, बास." त्यानं काढलं ते बटाट्यासारखं दिसत होतं. तरी लोक यायचे. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर ड्यूटी असलेला एक पोलीस यायचा, धारवाडकडचा. "आक्का, एरडु तत्ती कोड्री," असं म्हणून दोन बोटं दाखवायचा आणि मी दोन अंडी सोलून त्याच्या पुढ्यात ठेवायचे. अंड्याला सीमा नसते, असं एखादं मोठं वाक्य इथं लिहायचा मोह होतोय. पण नको. तो पोलीस मीठ फार मागायचा, एवढंच सांगते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. भरतीची तयारी करणारी पोरं मैदानाला फेऱ्या मारून घामाघूम होऊन यायची. त्यांना कुणीतरी सांगितलेलं, पांढरं खा, पिवळं टाका. मग ती पिवळं काढून फाटकाजवळच्या कुत्र्याला घालायची. त्या कुत्र्याच्या अंगावर अशी तकाकी आली होती, की खरोखर भरती निघाली असती तर पहिला नंबर त्याचाच लागला असता. मी पोरांना म्हणायचे, "अरं, कोंबडीनं जीव ओतून केलंय ते पिवळंच टाकताय व्हय रं?" ती हसायची आणि पुन्हा टाकायची.

अंड्याच्या धंद्याला वार असतात. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. श्रावण आला की गाडीवर मी, कुत्रं आणि तो पोलीस. आमच्या भागातल्या माणसाची भक्ती पक्की असते. ती वाराला येते आणि वार सरला की जाते. बुधवारी मात्र, मध्ये अडकल्यामुळे असेल, लोक तुटून पडायचे. मंगळवारचा उरलेला आणि गुरुवारचा आगाऊ, असा दोन्ही हिशेब ते बुधवारीच चुकता करायचे.

आता कृती सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. अंडं ताजं हवं, पण आजच घातलेलं नको. फार ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला धरून बसतं. पाण्यात सोडून बघायचं: तळाशी आडवं पडलं तर चांगलं, वर तरंगलं तर ज्यानं विकलं त्याला परत द्यायचं. थंडीत अंडी आधी कोमट पाण्यात घालून ठेवायची, नाहीतर उकळत्या पाण्यात पडल्या पडल्या तडकतात. पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं, म्हणजे एखादं तडकलंच तर पांढरं बाहेर पळत नाही. पाणी खळखळ उकळू द्यायचं, मग अंडं पळीत घेऊन अलगद सोडायचं आणि जाळ कमी करायचा. भांड्यात गर्दी करायची नाही. वेळ झाली की लगेच गार पाण्यात. हे लोक विसरतात. अंडं बाहेर काढलं तरी आतल्या आत शिजतच असतं.

राहिली वेळ. सगळी विद्या तिथं आहे. सुजाता म्हणते सहा मिनिटांच्या आसपास. असेल. मी कधी मोजली नाहीत. माझ्या मनगटावरचं घड्याळ वाफेनं कधीच बंद पडलं होतं आणि मोबाईलला ओले हात लावायची सोय नव्हती. माझं घड्याळ वेगळं होतं. आम्ही आंबेडकरी बौद्ध. आईनं लहानपणी विहारात नेऊन वंदना तोंडपाठ करून घेतली होती. अंडं पाण्यात सोडलं की मी तोंडातल्या तोंडात त्रिशरण सुरू करायचे, मग पंचशील, मग पुढची वंदना. एका ठरावीक ओळीशी आले की अंडं बाहेर. गावठी अंडं लहान असतं, त्याला चार ओळी आधी थांबायचं. इतकी वर्षं ते घड्याळ मागं पडलं नाही की पुढं गेलं नाही.

आता कुणी म्हणेल, पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्या करणार नाही असं सांगतं, आणि बाई ते म्हणत अंडी उकडते. मलाही ते टोचलं होतं. पोल्ट्रीवाला म्हणाला, "आक्का, फॉर्मच्या अंड्यात जीव नसतोय." पण त्याला माल खपवायचा होता. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पोटासाठी करतीस, मनात वंगाळ न्हाय. म्हण तू." आईचा निकाल लागला, विषय संपला.

तर, आप्पा.

आप्पा तंबाखूचे व्यापारी. वखार मुलाकडे सोपवून रोज सकाळी मैदानावर फिरायला यायचे. पांढराशुभ्र नेहरूशर्ट, पायजम्याची घडी मोडलेली कधी बघितली नाही. फिरून झालं की माझ्या गाडीशेजारच्या बाकड्यावर बसायचे आणि कापडी पिशवीतून आपला चांदीचा छोटा पेला आणि चांदीचा चमचा काढायचे.

"मऊ अंडं. कवचासकट दे, सोलू नको," ते म्हणायचे. मला आक्का म्हणायचं त्यांनी टाळलं होतं. 'दे' आणि 'घे' यांवर आमचं भागायचं.

मी पळीतून अंडं त्यांच्या पेल्यात सोडायचे. पळी पेल्याला लागता कामा नये. मग ते चमच्यानं वरचं टोपण ठोकून उडवायचे, मीठ-मिरेपूडही घरची पुडी सोडून घालायचे आणि खायचे.

"डॉक्टरनी सांगितलंय," पहिल्या दिवशी ते न विचारता म्हणाले, "आपलं भांडं आपण वापरावं. सगळीकडं साथी चालल्यात."

डॉक्टरांचं बरोबरच होतं. फक्त, अंडं झालं की आप्पा शेजारच्या चहाच्या गाडीवर जायचे आणि तिथल्याच ग्लासात चहा प्यायचे. ते ग्लास ज्या बादलीत बुचकळले जायचे, तिच्यातल्या पाण्याचा रंग चहाचाच होता. साथी बहुधा माझ्या गाडीपर्यंतच येऊन थांबत असाव्यात.

मला कळायचं होतं ते कळलं. माझी आई बोरगावच्या बाजूची. लहानपणी तिला वरून ओंजळीत पाणी मिळालेलं. पुढं निपाणीत येऊन ती तंबाखूच्या वखारीत राबली. आप्पांच्या नव्हे, पण वास सगळ्या वखारींचा एकच. कवच मध्ये असलं की आप्पांना माझं अंडं चालत होतं. माणसानं घातलेलं सोवळं मी ऐकलं होतं, कोंबडीनं घातलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मला राग आला नव्हता असं नाही. चांगला आला होता. पण रागावून गिऱ्हाईक सुधारत नाही, चेष्टेनं निदान हसतं तरी. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, पेला घरचा आणला, चमचा घरचा आणला, मीठ घरचं आणलं. कोंबडी तेवढी घरची आणा, म्हणजे काळजी मिटली."

बाकड्यावर हशा पिकला. आप्पाही हसले. दुसऱ्या दिवशी पेला आणि चमचा हजर.

मी त्यांना गाडीवर येऊ नका असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही, आणि त्याचं कारण ऐकून तुम्ही मला हसाल. त्या मैदानावर माझं अंडं कळणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आप्पा. भरतीची पोरं पिवळं टाकायची, पोलिसाला मीठ लागायचं, बाकीचे बोलता बोलता गिळायचे. आप्पा पहिला घास तोंडात घेतला की डोळे मिटायचे. त्यांच्या जिभेला ओळीचा फरक कळायचा. "आज जाळ मोठा होता," म्हणायचे, आणि खरंच मोठा असायचा. "काल बरं होतं आजच्यापरीस," म्हणायचे, आणि खरंच असायचं. ज्याला माझी कला समजत होती, त्यालाच माझा हात नको होता. असलं गिऱ्हाईक धरवत नाही आणि सोडवतही नाही.

आणि गंमत अशी, की रोज सकाळी मी वंदना म्हणत होते तेव्हाच आप्पांचं अंडं शिजत होतं. मी ते कधी त्यांना सांगितलं नाही. मनात मात्र रोज हसून घ्यायचे.

मग एका हिवाळ्यात आप्पा दिसेनासे झाले. अंगावरून वारं गेलं, असं कळलं. उजवा हात गेला, बोलणं थोडं जड झालं. पुष्कळ दिवसांनी त्यांची सून, वैशालीवैनी, त्यांना स्कूटरवरून घेऊन आली. बाकड्यावर बसवलं आणि स्वतः मैदानाला फेऱ्या मारायला गेली. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं होतं आप्पांना, फिरत होती सून. पण फिरण्याचं पुण्य दोघांनाही लागत असावं.

आप्पांनी डाव्या हातानं पिशवी सोडली. पेला काढला, चमचा काढला. मी अंडं सोडलं. त्यांनी डाव्या हातानं चमचा मारला. पेला घसरला, अंडं कलंडलं आणि पिवळं नेहरूशर्टावरून ओघळलं.

मऊ अंड्याचं हेच तर आहे. कडक अंडं लेकरूसुद्धा सोलेल. मऊ अंड्याला दोन हात लागतात. एकानं धरायचं, दुसऱ्यानं टोपण उडवायचं. आप्पांकडे एकच हात होता आणि तोही डावा.

मी समोर उभी होते. दोन हात रिकामे होते. पण माझ्या आईनं मला एक नियम घालून दिला होता: मागितल्याबिगर कुणाच्या ताटाला हात लावायचा न्हाय, आणि मागितलं तर न्हाय म्हणायचं न्हाय. मी आप्पांकडे बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर मी ते अंडं त्यांना भरवलंसुद्धा असतं. आप्पा रुमालानं शर्ट पुसत राहिले.

असं बरेच दिवस चाललं. ते रोज यायचे, रोज शर्टावर पिवळा डाग घेऊन जायचे. अर्धं अंडं पोटात, अर्धं अंगावर. मी म्हणायचे, "आप्पा, कडक करून देऊ का?" ते मान हलवायचे. कडक अंडं आता घशाखाली नीट उतरत नव्हतं, आणि मुळात ते त्यांना अंडं वाटतच नव्हतं. मी हात पुढे केला नाही. करायला हवा होता असं मला आजही वाटत नाही. पण घरी जाऊन जेवताना घास अडकायचा, हेही खरं.

एके सकाळी भरतीच्या पोरांपैकी एक जण त्यांचा शर्ट बघून खुदकन हसला. वाईट मनानं नाही, पोरगं होतं ते. आप्पांनी पेला तसाच भरलेला पिशवीत घातला आणि उठून फाटकाशी जाऊन उभे राहिले, वैशालीवैनी येईपर्यंत. त्यानंतर ते आले नाहीत.

थोड्या दिवसांनी वैशालीवैनी एकट्याच आल्या. फेऱ्या मारायच्या सोडून सरळ गाडीशी.

"आक्का, मामंजी जेवत न्हाईत ओ. लई वाळलेत. डॉक्टर म्हणतात अंगात ताकद पायजे. अंडं करून देते तर बाजूला सारतात. म्हणतात, हे काय अंडं हाय? तुम्ही कसं करता तेवढं सांगा."

मी सगळं सांगितलं. कोमट पाणी, मीठ, पळी, जाळ. वैनी मान डोलवत होत्या.

"आणि किती मिंटं?"

"मिंटं मला ठाऊक न्हाईत, वैनी."

"म्हंजे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी वंदना म्हणते," मी म्हणाले. "बुद्धवंदना. ती एका जागेला आली की अंडं काढते."

वैनी पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की चहावाला बघायला लागला. "म्हंजे मामंजी इतकी वर्षं..."

"व्हय. इतकी वर्षं."

"अगं बाई! त्यांना न्हाय हं सांगायचं."

"मी कशाला सांगू? त्यांनी कधी इचारलंच न्हाय."

वैनी हुशार. त्यांनी मोबाईल काढला. "आक्का, एक अंडं सोडा आणि म्हणा तुमचं नेहमीगत. मी भरून घेते ह्याच्यात." मला लाज वाटली. विहारात माइकवर म्हणायला लाज वाटत नाही, पण अंड्यासमोर मोबाईल धरल्यावर वाटली. तरी अंडं सोडलं आणि म्हणाले. अंडं काढायची जागा आली आणि नेमकी तेव्हाच मिरेपूड नाकात गेली. मी मोठ्यानं खोकले.

"परत म्हणू काय?"

"नको नको," वैनी म्हणाल्या. "उलट बरं झालं. खोकला ऐकू आला की अंडं काढायचं. चुकायचं कामच न्हाय."

अशा रीतीनं माझा खोकला निपाणीतल्या एका मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात पोचला. माझ्या आईला ते घर बाहेरूनच बघायला मिळालं होतं.

पुढची हकीगत वैनी मला दर दोन-चार दिवसांनी आणून द्यायच्या. पहिल्या दिवशी आप्पा खुर्चीत बसले होते. स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला.

"काय लावलंईस ते?" त्यांनी विचारलं.

"अंड्याचं घड्याळ," वैनी म्हणाल्या.

वैनींनी टोपण काढून अंडं पुढे ठेवलं, आणि त्या दिवशी ते सगळं संपलं. मात्र दुसऱ्या दिवशी, बहुधा रात्रभर विचार करून, त्यांनी हुकूम सोडला, "बंद कर ते." वैनींनी आज्ञाधारकपणे बंद केलं आणि अंदाजानं अंडं काढलं. ते दगड झालं होतं. आप्पांनी ते बाजूला सारलं. पुढचा दिवस कसल्याशा वाराचा होता, अंडं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी वैनी मुद्दामच काही न लावता पातेलं घेऊन उभ्या राहिल्या. पाण्याला उकळी आली. खुर्चीतून आवाज आला, "लाव ते."

"काय लावू मामंजी?" वैनींनी साळसूदपणे विचारलं.

"तेच. खोकती ती बाई."

हे ऐकून मी आणि वैनी दोघी गाडीला धरून हसलो. मग वैनी गेल्या आणि मी पुढच्या अंड्यांना पाणी ठेवलं. माझा आवाज त्या घरात रोज सकाळी लागत होता, आणि त्या आवाजावर एक माणूस जेवत होता. मला आनंद झाला. आणि तो आनंद सांगायला आई नव्हती, याचं वाईट वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

आप्पांच्या अंगानं थोडं बाळसं धरलं, असं वैनी सांगायच्या. काठी घेऊन घरात फिरू लागले. आणि एका सकाळी स्कूटरचा आवाज आला.

बुधवार होता. गाडीवर गर्दी होती. वैनींनी आप्पांना बाकड्यावर बसवलं, पण आज त्या फेऱ्या मारायला गेल्या नाहीत. फाटकाशी थांबून मोबाईलमध्ये डोकं घातल्याचं नाटक करत राहिल्या. आप्पांचा नेहरूशर्ट पांढराशुभ्र होता. पिशवी दिसेना. मी दोन्ही बाजूंनी बघितलं. खरंच नव्हती.

"मऊ अंडं," आप्पा म्हणाले.

"देते की. पेला?"

"विसरलो."

"चमचा?"

"तोबी विसरलो."

"विसरला का ठेवून आला, आप्पा?"

मैदानावर पोरं धावत होती, आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं आणला. वजं झालंय त्याचं." आणि मग, जड जिभेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला फोडता येत न्हाय, आक्का. तूच फोडून दे."

आक्का. पहिल्यांदाच.

मागितलं तर न्हाय म्हणायचं न्हाय. आईच्या नियमाचा हा दुसरा भाग मला आयुष्यात कधी आप्पांसाठी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं. मी अंडं पळीत घेतलं आणि पाण्यात सोडलं. त्रिशरण सुरू केलं. पंचशीलापाशी आले आणि ओळच निसटली. ओठ हलत होते, पण मी कुठल्या शीलावर आहे ते कळेना. इतकी वर्षं न चुकलेलं माझं घड्याळ त्या दिवशी मध्येच अडखळलं. पुन्हा मागं जाऊन, नकळत जरा मोठ्यानंच धरलं, पुढची वंदना सावकाश म्हटली, अंडं काढलं, गार पाण्यात घातलं.

मग माझ्या गाडीवरचा काचेचा ग्लास घेतला, तोच ज्यात मी चहा प्यायचे. त्यात अंडं उभं केलं, एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं टोपण उडवलं. मीठ घातलं, मिरेपूड घातली. चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि ग्लास मीच धरून ठेवला. तो कोगनोळीचा पोलीससुद्धा मीठ मागायचं विसरला.

आप्पांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं बघत आले होते तसंच.

डोळे उघडून ते म्हणाले, "कडक झालंय."

"काय सांगता!"

"मधी चुकलीस तू. परत मागनं धरलंस." त्यांनी दुसरा घास घेतला. "आणि शेवटाला खोकलीबी न्हाईस."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते ग्लास हातात असल्यामुळे पुसताही येईना. कडक झालेलं ते अंडं आप्पांनी तळापर्यंत खरवडून खाल्लं. मग चमचा ग्लासात ठेवला, काठी धरली आणि उठता उठता म्हणाले, "उद्या नीट म्हण."

"उद्या गुरुवार हाय, आप्पा."

ते थांबले. विचार केला.

"मग परवा," म्हणाले.